आजाराला नाव नसलेल्या रुग्णाने कुठे जायचं? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सन्माननीय मंत्रिमहोदय,


मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पन्नाशी ओलांडली आहे. बऱ्याच महिन्यांपासून माझा उजवा पाय आखडतो. तो सुजत नाही, फारसा दुखत नाही, त्यातली ताकदही गेलेली नाही. पण तो पूर्वीसारखा माझं ऐकत नाही. हा पार्किन्सन्स असू शकतो, असं मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं आहे. नसूही शकतो, असंही त्यांनीच सांगितलं आहे. या ‘असू शकतो’ आणि ‘नसूही शकतो’च्या मध्ये जी माणसं राहतात, त्यांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. आजाराला नाव मिळालं की सरकारी व्यवस्थेत त्याची खिडकी असते, योजना असते, तक्ता असतो. नाव मिळेपर्यंत रुग्णाने कुठे जायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

आधी त्रास काय आहे ते सांगते, कारण तो कागदावर फार किरकोळ दिसतो. सकाळी उठून पहिली पावलं टाकताना उजव्या पायाची बोटं आत वळून घट्ट होतात, पाऊल फरशीला सपाट टेकत नाही. चालताना त्याच पायातली चप्पल निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते लक्षात येतं. उजव्या चपलेचं टोक घासून गेलं आहे, डावी जवळजवळ नवी आहे. एसटीच्या पायरीवर पाय चढवताना कधी कधी हाताने साडी आणि गुडघा दोन्ही धरून वर घ्यावं लागतं. फळ्यावर ओळ लिहिताना अक्षर शेवटाकडे बारीक होत जातं आणि मागे बसलेली मुलं ‘बाई, दिसत नाही’ म्हणतात. चालताना माझा उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा राहतो, हे मुलीने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत पहिल्यांदा दिसलं. हात कापत नाहीत. त्यामुळे कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, नाव कोणाच्याच तोंडी आलं नाही.

दवाखाने झाले. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढायला सांगितला, मग एमआरआय. कमरेच्या मणक्यात एक चकती थोडी बाहेर आल्याचं त्यात दिसलं आणि सगळं उत्तर तिथेच सापडल्यासारखं झालं. या वयात काहीही त्रास नसलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्ये अशी चकती दिसते, हे मला नंतर कळलं. बी-१२ची इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, शेकणं झालं. पाळी गेल्यावर असं होतंच, टेन्शन घेऊ नका, वजन कमी करा, असेही सल्ले मिळाले. घरच्यांनी वाताचं तेल आणलं. कोणी हेतूने टाळलं असं मी म्हणत नाही. बाहेर रांग लागलेली असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. पण या सगळ्या फेऱ्यांत, पाय आखडतो म्हणून आलेल्या बाईला ‘जरा चालून दाखवा’ असं म्हणणारं कोणी भेटलं नाही.

ते म्हटलं मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी. त्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझी पुढची मागणी तिच्यावर उभी आहे. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितलं. डाव्या हाताची बोटं चालत राहिली. उजव्याची उघडझाप लहान लहान होत गेली आणि मध्येच अडली. टाच जमिनीवर आपटायला सांगितली, तिथेही तेच. मग माझं मनगट आपल्या हातात सैल धरून ते फिरवत राहिले आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडा-मिटा म्हणाले. तसं करताच उजवं मनगट दातेरी चाकासारखं अडखळत फिरू लागलं. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तळव्यावर किल्लीच्या टोकाने रेघ ओढून पायाचा अंगठा कुठे वळतो ते पाहिलं. बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालायला लावलं, वळायला लावलं. शेवटी मागे उभं राहून खांदे धरून हलकेच मागे खेचलं आणि मी तोल सावरते का ते पाहिलं. एवढ्या सगळ्याला हातोडी आणि किल्ली सोडून काहीही लागलं नाही.

यातून काय कळतं? स्नायू सावकाश ताणला काय किंवा जोरात ताणला काय, ताठरपणा सारखाच राहिला आणि त्याच्या जोडीला हालचाल मंदावलेली असली, तर पार्किन्सन्सच्या बाजूने विचार करायचा. झटका दिल्यावरच पाय अडत असेल, गुडघा हातोडीला जास्तच उसळत असेल, तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारी वाट कुठेतरी दबली किंवा बिघडली आहे. मग मानेचा मणका बघायचा. आखडलेला पाय तोच, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

पार्किन्सन्सला आजही रक्ताची अशी नेहमीची तपासणी नाही जी करून ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगता येईल. साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. तो काढतात दुसरं काही नाही ना हे बघायला. मेंदूतल्या डोपामीन या रसायनाच्या कामाचा अंदाज देणारे ट्रोडॅटसारखे स्कॅन आहेत, पण ते मोजक्या शहरांत होतात आणि तेही डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाहीत. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला तो सहा माणसांच्या निरीक्षणावर, आणि त्यातली काही माणसं त्यांना रस्त्यात दिसलेली होती. त्यांच्या चालीवरून, वाकण्यावरून त्यांनी आजार ओळखला. पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी दाखवून दिलं की या रुग्णांचं मंदावणं म्हणजे अशक्तपणा नव्हे, आणि प्रत्येकाला कंप असतोच असंही नव्हे. साधारण ७० टक्के रुग्णांत सुरुवातीला कंप दिसतो. उरलेल्यांची सुरुवात कोणाची आखडलेल्या खांद्याने होते, कोणाची आखडलेल्या पायाने. वास कमी येणं, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं ही लक्षणं तर काही वर्षं आधीपासून असू शकतात. मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्यापैकी कोणी हे विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आंब्याचा वास हल्ली येत नाही, ही तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही.

आता या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग. त्या डॉक्टरांनी मला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायला सांगितली आणि प्रत्येकाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. त्यात गॅसची एक कॅप्सूल होती. कधीतरी पोटात जळजळते म्हणून लिहून दिलेली, बरं वाटलं म्हणून चालू राहिलेली, मेडिकलवाल्याकडून सहज मिळणारी. तिच्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. हे औषध मेंदूतल्या डोपामीनचा मार्ग अडवतं आणि काही लोकांत हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं निर्माण करतं. वय वाढेल तसा धोका वाढतो. अमेरिकेत या औषधाला मान्यताच नाही. आपल्याकडे ते ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या जोडीने घरोघर पोचलं आहे. चक्करसाठी देतात ती सिनारिझिन, अर्धशिशीसाठी देतात ती फ्लुनारिझिन, उलटीसाठी देतात ते मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांच्यानेही असं होऊ शकतं. औषध बंद केल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो. काहींना पडत नाही, कारण औषधाने आत दडलेला खरा पार्किन्सन्सच वर आणलेला असतो.

मी त्यांच्या सल्ल्याने ती कॅप्सूल बंद केली आहे आणि वाट पाहते आहे. पाय थोडा सुटला आहे असं काही दिवशी वाटतं, काही दिवशी वाटत नाही. मी घाबरलेली आहे, हे लपवत नाही. पण त्या डॉक्टरांनी केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं आहे: काय काय नाही हे कळलं, कशाचा संशय आहे, कोणतं औषध थांबवलं, पुन्हा केव्हा यायचं आणि काय झालं तर त्याआधी यायचं. तो कागद मिळाल्यापासून मी रात्री झोपते. ‘आत्ता सांगता येत नाही’ हे उत्तरही माणसाला पेलतं, जर ते तपासून, लिहून आणि पुढची तारीख देऊन सांगितलं तर.

त्याच दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक बाई भेटल्या. शेतमजुरी करणाऱ्या. खुरपायला बसलं की उठता येत नाही, पाय लाकडासारखे होतात, म्हणून वर्षभर गुडघ्यांवर औषध चाललेलं. हातातून भाकरीचं पीठ निसटू लागलं तेव्हा मुलाने उसने पैसे घेऊन शहरात आणलं. त्यांच्या मानेत मज्जारज्जू दबलेला निघाला. ऑपरेशनने पुढचं नुकसान थांबतं. पण जे नुकसान आधी होऊन बसलं ते सगळं भरून येईलच असं नाही. त्यांना माझ्यासारखा पगार नाही, रजा नाही. एका दिवसाच्या तपासणीसाठी त्यांची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि सोबत येणाऱ्याचीही.

आखडणाऱ्या पायामागे अशी बरीच कारणं असतात आणि त्यांतली कित्येक उपचाराने आटोक्यात येणारी आहेत. बी-१२ची कमतरता. मेंदूत पाणी साचणं, ज्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवीवर ताबा राहत नाही, विसरभोळेपणा येतो. योग्य रुग्णात ते पाणी नळीने वळवून चाल सुधारते. रक्तदाब-मधुमेहाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना पोचलेली इजा. तरुण मुलांमध्ये शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजार. लहान मुलींच्या पायात सुरू होणारा, संध्याकाळी वाढणारा आणि लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाच्या थोड्याशा मात्रेने आश्चर्य वाटावं इतका सुधारणारा एक प्रकार. फार विरळा असा स्टिफ पर्सन सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंना सैल सोडू देत नाही. लाख डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाऊन कायमचे पाय ताठ करणारा लॅथिरिझम विदर्भाला अपरिचित नाही. यांतल्या कशावरही ‘वात आहे’ एवढंच लिहून भागत नाही.

मंत्रिमहोदय, हा मूठभरांचा प्रश्न नाही. २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि पंचवीस वर्षांत ही संख्या दुप्पट झाल्याचं तीच संघटना सांगते. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत १४,०१० लोकांमध्ये ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. त्या समाजात वयस्करांचं प्रमाण जास्त होतं, हे खरं. पण महाराष्ट्रही आता वयस्कर होत चालला आहे. नीट शोधायला घरोघर गेलं की रुग्ण सापडतात, हा त्या पाहणीचा धडा तुमच्या विभागाला नवा नाही. कुष्ठरोग आणि क्षयरोगाच्या शोधमोहिमांत आमच्या आशाताई दारोदार फिरून अंगावरचे चट्टे बघतात, खोकला विचारतात. तपासायचं काय आणि पाठवायचं कुठे, हे ठरवून दिलं की साधी माणसंही मोठं काम करतात.

सध्या मात्र वाट अशी तुटलेली आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारच्या कर्करोगांची तपासणी होते, पण चाल कोणी बघत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. आमचं निदान तर बाह्यरुग्ण विभागात, हळूहळू, पुन्हा पुन्हा भेटून होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन्सचा समावेश २१ प्रकारांत केला ही मोठी गोष्ट आहे, पण त्या दारापर्यंत जायला आधी निदानाचा कागद हातात हवा. लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते कोणाला द्यायचं हे ठरवणारा माणूस तालुक्यात नाही. ही पोकळी मग दुसरं कोणीतरी भरतं. खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण मलाही दोघांनी आणून दिलं. त्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असतो, म्हणून तर ते हवं तसं घ्यायचं नसतं: मात्रा कळत नाही, आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून निदान करायचं असेल तर तेही गढूळ होतं.

म्हणून माझ्या पाच मागण्या आहेत. त्यांतल्या एकीसाठीही नवी इमारत बांधावी लागणार नाही.

पहिली. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मज्जासंस्थेच्या प्राथमिक तपासणीचं प्रत्यक्ष हाताने करायचं प्रशिक्षण द्या. चालवून बघणं, बोटं आपटायला लावणं, ताठरपणा कोणत्या जातीचा हे ओळखणं, तळव्यावरची रेघ. शेजारच्या कर्नाटकाने २०२२ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह सुरू करून सरकारी डॉक्टरांना मेंदूविकारांचं असं शिक्षण दिलं आणि जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी दवाखाने सुरू केले. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवायला लागणारी माणसं आहेत.

दुसरी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी मेंदूविकाराची ओपीडी सुरू करा आणि तिची तारीख प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा. तज्ज्ञ पूर्णवेळ मिळत नसतील तर महिन्यातून एकदा येऊ द्या. मधल्या काळात ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर त्यांनी रुग्णाची चाल व्हिडिओवर बघावी. मात्र रुग्ण शक्यतो त्याच डॉक्टरांपुढे पुन्हा यायला हवा. या आजाराचं निदान पहिल्या भेटीत चुकू शकतं, हे तज्ज्ञच सांगतात. काळाबरोबर ते पक्कं होतं. दर वेळी नवा चेहरा आणि नवा केसपेपर असेल तर काळ नुसता वाया जातो.

तिसरी. आखडणं, मंदावणं, तोल जाणं अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्या तपासणं सक्तीचं करा. लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड ही नावं मराठीत छापून प्रत्येक औषध वितरण खिडकीवर लावा, सोबत ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय दीर्घकाळ घेऊ नका’ ही सूचना. चिठ्ठीशिवाय ही औषधं विकली जात असतील तर अन्न व औषध प्रशासनाला कामाला लावा. सगळ्या मागण्यांत हीच सर्वांत स्वस्त आहे, आणि औषधामुळे आखडलेली बरीच माणसं हिच्यामुळे पुन्हा नीट चालू लागतील.

चौथी. निदानासाठीच्या तपासण्या, म्हणजे मानेचा आणि मेंदूचा एमआरआय, बी-१२, थायरॉइड, तरुण रुग्णांत तांब्याच्या तपासण्या, या भरती न होताही योजनेत मिळाव्यात; आणि फिजिओथेरपी निदानाची वाट न पाहता, तपासणीनंतर लगेच सुरू व्हावी. पार्किन्सन्समध्ये व्यायामाचा उपयोग आहे यात शंका नाही. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणून वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत न्या. अशी मंडळं बीड, परभणी, गडचिरोलीच्या माणसालाही हवी आहेत.

पाचवी. ज्याचं निदान झालेलं नाही त्यालाही कागद द्या. काय तपासलं, काय वगळलं, कशाचा संशय आहे, पुढची तारीख कोणती, आणि कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब यायचं: वारंवार पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, हातांतली शक्ती कमी होणं. एका पानाचा छापील नमुना पुरेल. नोंदवहीत ‘निदान प्रलंबित’ असा रकाना असू द्या आणि त्यात किती माणसं किती काळ अडकली आहेत, हे दर तिमाहीला जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारा. जे मोजलं जात नाही त्यासाठी निधी मागताही येत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

माझ्या बाबतीत काय निघेल ते निघो. पार्किन्सन्स निघाला तर त्याच्यासह नीट जगणारी माणसं मी पाहिली आहेत. औषधं आहेत, व्यायाम आहे, पुढची पायरी म्हणून मेंदूतल्या शस्त्रक्रियेचाही पर्याय काहींना आहे. गोळीमुळे झालेलं निघालं तर त्याहून चांगलं. दोन्ही उत्तरांना सामोरं जायची माझी तयारी आहे. पण ही तयारी करण्याइतकी माहिती मला मिळाली ती माझ्याजवळ पगार होता, शिकलेली मुलगी होती आणि शहरात उतरायला नातेवाईक होते म्हणून. त्या बाकावरच्या बाईंजवळ यातलं काही नव्हतं, आणि त्यांचा मज्जारज्जू त्यासाठी थांबून राहिला नाही.

११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन. त्या दिवशी दरवर्षी शुभेच्छा संदेश निघतात. येत्या ११ एप्रिलला आपल्या सहीचं एक परिपत्रक निघावं, ज्यात या पाच गोष्टींपैकी निदान पहिल्या तीन कोणत्या जिल्ह्यात कधी सुरू होणार याच्या तारखा असतील. ते परिपत्रक मी माझ्या गावच्या आरोग्य केंद्रात, शाळेत आणि बसस्थानकावर स्वतः नेऊन लावीन, आणि दिलेल्या तारखेला त्या ओपीडीच्या रांगेत गावातल्या आखडलेल्या पायांच्या माणसांना सोबत घेऊन उभी राहीन.

आपली,
एक शिक्षिका